घरचं पाल्याचं तेल खवट होतं, तळाला पाणी धरतं, लावलं की खाजवतं? या क्रमाने तपासा

कोरड्या, नाजूक, पटकन लाल होणाऱ्या त्वचेसाठी आपल्याकडे घरोघरी पाल्याचं तेल काढतात. कुणी खोबरेलात कडुलिंब आणि तुळस घालतं, कुणी तिळाच्या तेलात माका, कुणी वाळा नि गुलाबाच्या पाकळ्या. गावातल्या आणि आसपासच्या बायकांच्या बिघडलेल्या शिश्या वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. शिशी वेगळी, पाला वेगळा, पण बिघाड बहुतेक वेळा तोच. पावसाळ्यात तर हमखास.

आधी लक्षणं बघा. तुमच्या शिशीत यातलं काय दिसतं?

- तेलाला जुन्या शेव-चिवड्यासारखा खवट वास येतो, बोटाला चिकट लागतं.
- तेल गढूळ दिसतं आणि दोन दिवसांनीही निवळत नाही.
- तळाला पाण्याचा थेंब किंवा चिखलासारखा थर बसतो.
- झाकण उघडताना फस्स आवाज येतो, आंबूस वास येतो, कडेला बुडबुडे दिसतात.
- वर किंवा शिशीच्या गळ्याशी पांढरा, हिरवा, काळा कापूस धरतो.
- तेल दिसायला, वासाला चांगलं आहे, पण लावलं की खाज, जळजळ, लाल पुरळ.

पहिलं लक्षण हवा, उजेड आणि उष्णतेचं. मधली चारही पाण्याची, म्हणजे ओल राहिल्याची. शेवटचं तेलाचं नसून त्या माणसाच्या त्वचेचं. बायका दरवेळी पाल्यावर संशय घेतात आणि पुढच्या वेळी दुसरा पाला घालतात. पाला बदलून ओल जात नाही, म्हणून तेल पुन्हा बिघडतं.

एक गोष्ट बिघाडात धरू नका. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. हिवाळ्यात सकाळी शिशी पांढरी घट्ट दिसली तर ती कोमट पाण्यात ठेवा, पातळ होऊन स्वच्छ दिसलं की तेल ठीक आहे.

वास आणि उजेड

याला पैसा लागत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी. चार थेंब तळहातावर घ्या, हात एकमेकांवर चोळा, ऊब आली की वास घ्या. थंड तेलाचा खवटपणा नाकाला लवकर कळत नाही, गरम झाला की लपत नाही. खवट असेल तर पुढचं काहीच तपासायची गरज नाही. खवट झालेलं तेल पुन्हा तापवून, लवंग-कापूर घालून, ताजं तेल मिसळून सुधारत नाही, वास फक्त झाकला जातो. हवेशी संयोग होऊन तेलात जे तयार झालेलं असतं तेच नाजूक त्वचेला झोंबतं. असं तेल बिजागरीला, कोयत्या-विळ्याला लावा, अंगाला नको.

वास ठीक असेल तर शिशी एक रात्र न हलवता ठेवा. सकाळी तशीच, अलगद, खिडकीसमोर धरा. तेलापेक्षा पाणी जड, त्यामुळे ते तळाच्या कोपऱ्यात मण्यासारखं गोल बसतं आणि शिशी तिरपी केली की तेलाखालून घरंगळत जातं. हा मणी एकदा ओळखता आला की मग चुकत नाही. नुसता पाल्याचा बारीक गाळ असेल तर तो घरंगळत नाही, धुरासारखा वर उठतो. गाळ निथळून काढता येतो. मण्याचं मात्र कारण शोधावं लागतं.

कापूस धरलेला दिसला तर तेवढा भाग काढून बाकीचं वापरायचा मोह होतो. तसं करू नका. वर दिसते ती बुरशी थोडी असते, तिचे तंतू नि तिने सोडलेले पदार्थ खाली मिसळलेले असतात आणि ते गाळणीत अडकत नाहीत. अख्खी शिशी खड्ड्यात. आंबलेल्या, फस्स करणाऱ्या शिशीचंही तेच.

वात पेटवून बघा

मणी दिसत नाही पण तेल गढूळ आहे, अशा वेळी कापसाची छोटी वात तळाच्या तेलात बुडवा, पणतीत ठेवून पेटवा. चेहरा लांब ठेवा. शांत जळली तर ओल नाही. तडतडली, ठिणग्या उडाल्या तर पाणी आहे. जुने वैद्य तेल सिद्ध झालं की नाही हे असंच पाहत: तेलातला कल्क, म्हणजे वाटून घातलेला पाला, बोटांत वळला तर त्याची वात व्हावी, आणि ती विस्तवात टाकली तर आवाज येऊ नये. मला यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची परीक्षा माहीत नाही.

तेल काढून दोन-चार दिवसच झाले असतील, वास स्वच्छ असेल आणि वात तडतडत असेल, तर ते वाचवता येतं. वरचं तेल हळूच दुसऱ्या भांड्यात ओता, तळाचं बोटभर तसंच सोडा. ते भांडं गरम पाण्याच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ठेवून उघड्या तोंडाने तासभर ठेवा, मग पुन्हा वात पेटवून बघा. जुन्या तेलाला हा उपाय नाही. तोवर त्यात जिवाणू वाढलेले असतात.

शिशी, झाकण, बोटं

पाला बदलण्याआधी शिशी बदलून बघा. धुतलेली शिशी आपण उपडी ठेवतो, बाहेरून कोरडी झाली की भरतो. आतल्या गळ्याशी आणि झाकणातल्या चकतीखाली पाणी राहतं. झाकणाची ती चकती टाचणीने उचलून बघा, अनेकदा बुरशीचं मूळ तिथेच सापडतं. काचेची शिशी धुऊन उन्हात दिवसभर, झाकण वेगळं. औषधाच्या तपकिरी काचेच्या शिश्या मिळाल्या तर उत्तम, पण गोड सिरपची शिशी असेल तर दोनदा गरम पाण्याने धुवा.

फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी कशालाच वापरू नका. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

दुसरं, न्हाणीत ओल्या हाताने शिशीत बोट घालायची सवय. प्रत्येक बोटासोबत पाणी आणि अंगावरचे जिवाणू आत जातात. मोठी शिशी फडताळात, आणि रोजच्यासाठी आठवड्याला पुरेल एवढी छोटी वेगळी. एवढ्या एका बदलाने कित्येक घरांतली तक्रार संपली.

पाला खरंच वाळला होता का

बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. ताज्या पानात वजनाने तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. कोरफडीच्या गरात तर 98 टक्क्यांहून जास्त. म्हणून ‘तेलात कोरफड घातली आणि आठ दिवसांत वास सुटला’ ही तक्रार सगळ्यात जास्त येते. कोरफड तेलात विरघळत नाही. तिचा गर ताजा काढून तसाच लावा, तेलात नको.

बाकीचा पाला सावलीत, कापडावर, एकावर एक न टाकता वाळवा. उन्हात वाळवला तर रंग नि वास उडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची, विदर्भातली, कोरडी हवा हे काम दोन-तीन दिवसांत करून देते, म्हणून वर्षभराचा पाला तेव्हाच वाळवून डब्यात भरून ठेवावा. पावसाळ्यात वाळलेला दिसणारा पाला वाळलेला नसतो, हवेतलीच ओल तो पुन्हा ओढून घेतो. परीक्षा पानाची नको, देठाची करा. पान चुरडलं की कुरकुरतं, तरी देठ वाकतो. देठ कट्‌कन मोडला तरच पाला तयार. कडुलिंबाचे देठ काढूनच टाका. गुलाबाच्या पाकळीचा खालचा पांढरा भाग आणि तुळशीच्या मंजिऱ्या हमखास ओल धरून बसतात.

पाला कुठून आणता हेही बघा. धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, कडुलिंब जवळ असतो, हाताशी असतो, पण शेजारी पऱ्हाटी (कपाशी) असेल तर जुलैपासून दिवाळीपर्यंत फवारणीचे तुषार त्याच झाडावर बसतात. अनेक कीटकनाशकं तेलात सहज विरघळतात. पाला पाण्याने धुतला तरी जे पानावर चिकटलेलं राहतं ते तेल पुरतं ओढून घेतं आणि ते तेल तुम्ही बाळाच्या पाठीला लावता. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. हे विष कातडीतून आत जातं, ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पाला अंगणातल्या किंवा शेतापासून लांबच्या झाडाचाच घ्या.

तेल कोणतं घेतलं

वात शांत जळते, पाला कडकडीत होता, तरी महिन्या-दीड महिन्यात खवट होतं? मग मूळ तेल बघा. जवसाचं तेल घरचं असतं, भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीतलं जवस असतं, म्हणून तेच वापरलं जातं. पण जवसात निम्म्याच्या वर ओमेगा-3 असतं, आणि ते हवेशी फार लवकर संयोग पावतं. म्हणूनच जवसाचं तेल लाकडावर लावलं की सुकून पापुद्रा धरतं. खायला चांगलं, साठवायच्या पाल्याच्या तेलाला नाही. करडई आणि सूर्यफुलाचं तेलही मानाने लवकर खवट होतं. खोबरेलात सुमारे नव्वद टक्के संतृप्त चरबी, ते टिकतं. तिळाच्या तेलात खवटपणा रोखणारे घटक मुळातच असतात, तेही टिकतं. फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल मधलं, चालतं. मोहरीचं तेल नाजूक त्वचेला नकोच, त्याचा झणका त्वचेलाही बसतो.

घाण्यावरून तेल आणलं तर आधी निवळू द्या, आणि घाणा चालवणाऱ्याला विचारा, ‘भाऊ, हे कधीचं काढलेलं?’ आधीच दोन-तीन महिने टिनाच्या छपराखाली ठेवलेलं तेल तुम्ही कितीही काळजीने शिजवलं तरी ते अर्धं आयुष्य जगून आलेलं असतं.

आच, भांडं, गाळणं

लोखंडी कढई आणि कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं यांत तेल काढू नका. लोखंड आणि तांबं दोन्ही तेल खवट व्हायचा वेग वाढवतात. केसाच्या तेलाला लोखंडी कढई लागते असं जुन्या बायका सांगतात. ते तेल आठ-पंधरा दिवसांत संपवायचं असतं म्हणून चालून जातं. साठवायच्या तेलाला स्टीलचं भांडं घ्या.

चुलीवर थेट ठेवलेल्या तेलाची आच हातात राहत नाही. काटकी सरकली की तेल धुरावतं, आणि धुरावलेलं तेल तिथेच बिघडतं. मोठ्या गंजात पाणी, त्यात तेलाचं भांडं, असं ठेवलं की तेल शंभर अंशांच्या वर जातच नाही. पाव किलो तेलाला दोन मुठी वाळलेला, चुरलेला पाला पुरे. मंद आचेवर दोन-तीन तास. तेलाच्या भांड्यावर झाकण ठेवू नका, झाकणाला धरलेली वाफ थेंब होऊन परत तेलात पडते. गंजातलं पाणी उकळून तेलात उडणार नाही एवढं कमी ठेवा. तापलेल्या तेलात ओला पाला कधीच टाकू नका, उडून तोंड भाजतं. तेलाने पेट घेतला तर पाणी न ओतता वर परात झाकायची.

उन्हात बरणी ठेवून तेल मुरवायची पद्धतही आहे. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात ते लवकर मुरतंही, पण उजेड तेलाचा वैरी आहे. बरणीला जाड कापड गुंडाळा, तोंडाला मलमल बांधा, आणि ही पद्धत फक्त उन्हाळ्यात करा.

गाळताना फडकं पिळण्याचा हात आवरा. शेवटचं पिळून निघतं त्यात पाण्याचा अंश आणि गाळ दोन्ही असतात. पिळलेलं तेल वेगळ्या वाटीत काढा, चार दिवसांत संपवा. बाकीचं तेल एक रात्र निवळू द्या, मग वरचं भरा. शिशी गळ्यापर्यंत भरलेली असावी, म्हणजे आत हवा कमी राहते. टिनाच्या छपराखालचं फडताळ मे महिन्यात भट्टीसारखं तापतं. माठाजवळचा, भिंतीच्या बुडाशी असलेला अंधारा कोपरा त्याहून पुष्कळ बरा. शिशीवर काढल्याची तारीख आणि पाल्याचं नाव चिकटवा.

व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घालण्याबद्दल फार विचारतात. तिने खवटपणा लांबतो, हे खरं. बुरशी आणि जिवाणू थांबत नाहीत. ओल राहिलेल्या तेलात कॅप्सूल घालून काही मिळत नाही.

तेल चांगलं आहे, तरी खाज येते

आता दोष शोधायचा तो माणूस आणि पाला यांच्या जोडीत. तेल बंद करा. पूर्ण बरं वाटल्यावर तेच मूळ तेल, पाला न घातलेलं, कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. काही झालं नाही तर पाल्याचं तेल तसंच लावा. एका वेळी एकच पाला. पाच प्रकारचा पाला एकत्र घातलेल्या तेलात कोणी त्रास दिला हे कधीच कळत नाही, म्हणून नाजूक त्वचेसाठी मी एकपाल्याचंच तेल काढायला सांगते.

गाजरगवताने ज्यांच्या मानेला, पापण्यांना, कोपराच्या खळीत खाज उठते, त्यांनी हे लक्षात ठेवा. गाजरगवत, झेंडू, शेवंती, माका, कॅलेंड्युला, कॅमोमाइल ही सगळी एकाच कुळातली झाडं. एकाची अ‍ॅलर्जी असेल तर दुसऱ्यानेही खाज उठू शकते. निंदणाला जाणाऱ्या बायकांत ही अ‍ॅलर्जी पुष्कळ दिसते आणि त्यांनाच कुणीतरी माक्याचं किंवा झेंडूचं तेल लावायला सांगतं. आणि त्वचा शांत करणारं म्हणून ज्याचं नाव मोबाइलवर फिरतं ते फूल कॅलेंड्युला आहे, दसऱ्याला तोरणात लावतो तो झेंडू नाही. दोन्हीचा रंग सारखा, झाडं वेगळी. झेंडूतले काही घटक उन्हात त्वचा भाजवतात.

पुढच्या गोष्टी नाजूक त्वचेच्या तेलात कधीच नकोत. बिबा, कारण त्याने फोड येतात आणि डाग राहतात. बावची आणि लिंबाची साल, कारण त्या लावून उन्हात गेलं की त्वचा पोळते. लहान बाळाच्या तेलात कापूर नको, त्याने झटके येऊ शकतात. बाळाला मेंदीही नको. काही बाळांच्या रक्तात जी6पीडी नावाच्या घटकाची कमतरता जन्मतः असते, त्यांचं रक्त मेंदीने फुटू शकतं आणि हे वरून कळत नाही. बाळाच्या नाकात, कानात कुठलंही तेल सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं.

घामोळ्यांवर तेल लावलं तर घामाची तोंडं आणखी बुजतात. मे-जूनमध्ये ‘तेलाने वाढलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत घामोळ्या पुष्कळ असतात. तिथे थंड पाणी, सुती कपडा, वारा. डोक्यातल्या तेलकट, पिवळट कोंड्यालाही तेल सोसत नाही.

इथे थांबा आणि दवाखाना गाठा

पाल्याचं तेल कोरड्या, ताणलेल्या, खडबडीत त्वचेला मऊ करतं. आंघोळीनंतर अंग थोडं ओलसर असतानाच लावलं तर चांगलं काम करतं. याच्या पलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

पाणी सुटणारी, पिवळी खपली धरणारी, पू भरलेली, गरम लागणारी जागा, सोबत ताप किंवा पसरत जाणारी लाली असेल तर तेल लावायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. तेल लावल्यावर ओठ-पापण्या सुजल्या, श्वास लागला तर त्याच मिनिटाला निघा, 108 ला फोन करा. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायावरची जखम, मग ती कितीही लहान असो, घरी सांभाळू नका.

गोल, कडेला लाल, मध्ये निवळत जाणारा चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण. त्यावर तेलही नको आणि मेडिकलवरून विचारून आणलेली स्टिरॉइडची ट्यूबही नको, तिने दोन दिवस बरं वाटतं नि मग तो पसरतो. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज येत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज. तिला सगळ्या घराने एकाच वेळी औषध घ्यावं लागतं.

आणि फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर घाम येत नाही, केस विरळ झालेत, टोचलं तरी कळत नाही, त्याला कोरडी त्वचा समजून महिनोन्महिने तेल चोळत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. 1949 साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन सुरू केलं तेव्हा या रोगाची जी दहशत होती तिला आता कारण उरलेलं नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने ते वर्षभर घ्यावं लागतं, आणि वेळेत घेतलं तर हातापायाची बोटं शाबूत राहतात. आशाताईला चट्टा दाखवा, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाईल. लाजेने लपवलेला चट्टा तेलाखाली वाढत राहतो, हे मी पाहिलं आहे.

बचत गटातून तेल विकायचा विचार असेल तर एवढं सगळं जमल्यावरही आधी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात परवान्याची चौकशी करा. अंगाला लावायची वस्तू बनवून विकायला परवाना लागतो, आणि शिशीवर ‘खरूज-गजकर्ण बरं करतं’ असं तर लिहायचंच नाही.